दर काही महिन्यांनी कोरल का मरतात? घरच्या रीफ टँकची उलटतपासणी

घरी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जिवंत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. टँक वर्ष-दीड वर्षाचा झालाय, क्लाउन मासे ठणठणीत आहेत, टेस्ट किट सगळं ठीक दाखवतंय, तरीही दर तीन-चार महिन्यांनी कोरल मरतात. आधी लेदर मिटतं, मग झोआंची वसाहत आक्रसते, मशरूम (ही तिन्ही मऊ कोरलची नावं) दगड सोडून कुठेतरी मागे जाऊन पडतात. मालक नवे फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) आणतो, काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. दुकानदार आयोडीन टाकायला सांगतो, मित्र लाइट बदलायला सांगतो आणि घरचे टँकच विकायला सांगतात.

एकदा मेलं तर अपघात म्हणून सोडून देता येतं. ठरावीक अंतराने मर लागत असेल, तर कारण बहुतेक वेळा रोजच्या सवयीत सापडतं: टॉप-अपचं (उडालेल्याची भर म्हणून ओतायचं) पाणी, खोलीतली हवा किंवा बाटलीतून घातला जाणारा डोस. दुसरं म्हणजे, पहिल्या फटक्यात जेवढे कोरल जातात त्याहून जास्त नंतरच्या धावपळीच्या उपायांत जातात. म्हणून खाली उपाय उशिरा येतील, तपास आधी.

हे सगळं मऊ कोरलच्या टँकबद्दल आहे: लेदर, मशरूम, झोआ, झेनिया. भारतात सगळे कठीण प्रवाळ, सी-फॅन, ब्लॅक कोरल, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. दुकानात कोणी 'हॅमर' किंवा 'अ‍ॅक्रो' (दोन्ही कठीण प्रवाळ) दाखवला तर किंमतसुद्धा विचारू नका. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला जिवंत खडकही त्यातच आला.

मेलंय की मिटलंय?

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. सार्कोफायटन जातीचं लेदर अधूनमधून पॉलिप (अंगावरचे फुलांसारखे बारीक जीव) आत ओढून घेतं, अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा धरतं आणि आठवडाभर, कधी दोन आठवडे तसंच रुसून बसतं. ते कात टाकत असतं. अशा वेळी वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत थोडा त्याच्याकडे वळवा म्हणजे पापुद्रा सुटेल. बाकी काही करू नका. मरणारं लेदर वेगळं दिसतं. एका जागी काळपट-तपकिरी डाग पडतो, तिथलं मांस बोटाला बुळबुळीत लागतं आणि पाण्याबाहेर काढून हुंगलं तर कुजलेल्या मासळीचा भपकारा येतो. वास येत नसेल तर त्याला मेलेलं समजू नका.

झोआ बरेच दिवस मिटलेले असतील तर रात्री दिवे गेल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बसा. त्यांना खाणारे न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) अगदी झोआच्याच रंगाचे असतात, दिवसा डोळ्यासमोर असून दिसत नाहीत. सापडले तर डिप करा (औषधी द्रावणात बुडवा), पण डिपने अंडी मरत नाहीत. फ्रॅगच्या बुडाशी चिकटलेली अंडी टूथब्रशने खरवडायची आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा डिप करायचा. एकदा डिप करून निश्चिंत झालात की पुढच्या महिन्यात तीच तक्रार.

आधी कोण गेलं?

मला कोणी मेलेल्या कोरलचा फोटो पाठवला की मी आधी श्रिंप आणि गोगलगायींची चौकशी करतो. मरण्याचा क्रम बराच बोलका असतो.

क्लीनर श्रिंप आणि गोगलगायी आधी गेल्या, कोरल नंतर मिटले आणि मासे मात्र मजेत असतील, तर संशय विषावर: तांबं किंवा कीटकनाशक. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर ऑक्सिजन किंवा उष्णता. कोरलची फक्त वरची, दिव्याकडची बाजू पांढुरकी पडली आणि सावलीतली बाजू रंग धरून असेल तर लाइट. एका मोठ्या लेदरच्या आजूबाजूचेच कोरल झडत असतील तर तो शेजारधर्माचा प्रश्न, त्याबद्दल पुढे. आणि सगळंच आठवड्यागणिक फिकट, लहान, मरगळलेलं होत चाललं असेल तर बहुधा उपासमार.

या क्रमात एक फसवणूक आहे. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यांत अडकलेले बुडबुडे दिसत असतील, रात्री ते कमी होऊन दुपारपर्यंत परत येत असतील, तर ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म जीव. त्यातले ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. तिथे तांब्याच्या मागे लागून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट, कंटाळवाणी पण टाळू नये अशी: रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवलाय का? आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. बाजारातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याला एक-दोन पीपीटीने चुकतात. किट, मीटर, थर्मामीटर तिन्हींवर आधी अविश्वास दाखवा, मग कोरलवर.

स्वयंपाकघरातला प्युरिफायर

गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या टँकमध्ये सर्वांत चकवणारं कारण हेच होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरात श्रिंप टिकतच नव्हते. आणले की दोन-तीन आठवड्यांत, बहुतेक कात टाकतानाच मरायचे. सगळ्यांनी आयोडीनची कमतरता ठरवली आणि आयोडीन सुरू झालं. मग टर्बो गोगलगायी काचेवरून गळून उताण्या पडायला लागल्या आणि शेवटी लेदर बुडापासून सडलं. मासे मात्र हात घातला की खायला धावत होते. टॉप-अपचं पाणी कुठलं विचारलं तर उत्तर आलं, 'आरओचंच की.' ते आरओ म्हणजे ओट्यावरचा पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर, आणि नुकताच बदललेला, तांबं मिसळून देणारा.

पिण्याच्या प्युरिफायरमध्ये रीफला नको असलेल्या दोन गोष्टी असतात. एक, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर. चव यावी म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा गाळलेल्यात सोडतो. नळीतून येणाऱ्या पाण्यावर मीटर धरलात तर ५०, ८०, कधी शंभराच्या वर आकडा दिसेल. रीफला शून्य हवा. दोन, मिनरल किंवा कॉपर कार्ट्रिज. माणसाला त्यातलं तांबं काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. पण कोरल, श्रिंप, गोगलगाय यांचा हिशेब वेगळा.

समजा टँकमध्ये २०० लिटर पाणी आहे आणि पंखा लावल्यामुळे रोज ४ लिटर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, विरघळलेलं सगळं मागे राहतं. म्हणजे ५० दिवसांत आणखी एक टँकभर पाणी तुम्ही ओतलेलं असतं आणि त्यातला सगळा ऐवज आत साठलेला असतो. टॉप-अपमध्ये लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम तांबं असेल, तरी कागदावर ५० दिवसांनी टँकमधलं प्रमाण तेवढंच होतं. प्रत्यक्षात काही भाग खडक, वाळू आणि गाळ धरून ठेवतात म्हणून आकडा कमी दिसतो, पण तेच तांबं नंतर सावकाश सुटत राहतं. मोकळ्या समुद्रात तांबं लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचा उपचार करतात तो ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तो वेगळ्या टँकमध्ये करतात याचं कारण हेच की त्यात अपृष्ठवंशी जीव जगत नाहीत.

दुकानातलं कॉपर टेस्ट किट इतक्या बारीक प्रमाणाला 'शून्य' म्हणतं, त्यावर विसंबू नका. ठाण्याच्या टँकमध्ये संपच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) वाहत्या भागात पॉलिफिल्टरचा पांढरा पॅड ठेवला. तांबं धरलं की तो निळा पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॅडची कड मोरपंखी व्हायला लागली. मग वाद उरला नाही.

तांबं येण्याच्या आणखी वाटा आहेत. पितळी नळजोड, बाल्कनीतल्या तांब्याच्या पिंपात साठवलेलं पाणी ('शुद्ध असतं ना!'), मिश्रण ढवळायला वापरलेला जुना पंप. काच घासायच्या मॅग्नेटचं आवरण चिरलं की आतला लोहचुंबक गंजतो. ते तांबं नव्हे, पण धातूचं विषच. संपवर लावलेल्या पंख्याची मोटर खाऱ्या वाफेने गंजून थेंब थेंब गळत असते. अंगठ्याने स्क्रू पुसून पाहा.

ऋतू बदलला की पाणी बदलतं

घरात वेगळं आरओ-डीआय युनिट (डीआय म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार धरणारं रेझिन) आहे म्हणून पाण्यावरचा संशय लगेच सोडू नका. पुण्यात धरणाचं नळाचं पाणी तसं मऊ असतं, पण त्याच सोसायटीत एप्रिलपासून टँकर किंवा बोअर सुरू होतं. आरओ मेंब्रेन साधारण ९५ टक्के क्षार अडवतं असं धरा. नळाचा टीडीएस १०० असेल तर डीआय रेझिनवर ५ चा भार येतो. टँकरचा ८०० असेल तर ४० चा. हिवाळ्यात आठ महिने पुरणारं रेझिन उन्हाळ्यात महिन्याभरात संपतं, आणि मालक मात्र दिवाळीत बदललंय म्हणून निवांत. मेची मर बरेचदा इथून येते आणि दोष उन्हाला मिळतो.

पावसाळ्यात गढूळपणा आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. सेडिमेंट फिल्टर तुंबतो, कार्बन ब्लॉक लवकर थकतो आणि क्लोरीन पुढे जाऊन मेंब्रेनच खराब करतं. जूनच्या पहिल्या पावसाआधी ही दोन कार्ट्रिज बदलून टाकावीत. मुंबई-कोकणात सॉल्टच्या (टँकचं खारं पाणी बनवायच्या मिश्रणाच्या) बादलीचं झाकणही घट्ट लावा. ओल लागलेल्या मिश्रणाचे खडे होतात, आतलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांत अडकून बसतं, नवं पाणी ढगाळ राहतं. शिवाय वजनाने सॉल्ट घालत असाल तर त्यात ओलीचंही वजन धरलं जातं आणि पाणी फिकं पडतं.

हवा

स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) तासाला शेकडो लिटर हवा पाण्यात घुसळतो. ती हवा कुठली, हे फार कमी लोक बघतात. पीएच वाढावा म्हणून हवेची नळी खिडकीबाहेर काढायची युक्ती चांगली आहे. फक्त ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यूच्या धास्तीने महापालिकेची धूर फवारणीची गाडी त्याच खिडकीखालून जाते. धुरातलं कीटकनाशक बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं असतं, आणि हा गट श्रिंप-खेकड्यांना अत्यंत घातक आहे. मच्छर पळवणाऱ्या प्लगइन मशीनमधला ट्रान्सफ्लुथ्रिन त्याच कुळातला. टँकच्या खोलीत ते मशीन लावू नये, हा नियमच करा. फवारणीचा भोंगा ऐकू आला की खिडक्या बंद, स्किमर दोन-तीन तास बंद, पाण्याची हालचाल वेव्हमेकरवर. दिवाळीआधीचं रंगकाम आणि पेस्ट कंट्रोल यांनाही हेच लागू, वर टँकवर ओली चादर.

उन्हाळा आणि वीज

इथे मला फार सांगायचं नाही, कारण हे सगळ्यांना माहीत असतं. २५-२६ अंश चांगलं, २९ च्या पुढे ताण, दिवसभरात दोन अंशांहून जास्त चढउतार नको. पण मुंबईकरांनी पुणेकरांचं ऐकून पंख्यावर भिस्त ठेवू नये. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग उतरणार काय? तिथे चिलर किंवा खोलीचा एसी. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर ठेवा. अंधाराने कोरल दोन दिवसांत मरत नाहीत, ऑक्सिजन संपला तर एका रात्रीत आख्खा टँक जातो.

अतिस्वच्छता आणि अनावश्यक डोस

रीफबद्दलचे बहुतेक व्हिडिओ परदेशातल्या अ‍ॅक्रोपोरा टँकवर बनलेले असतात. कठीण प्रवाळ सांगाडा बांधायला रोज अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, हे डीकेएचमध्ये मोजतात) आणि कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून तिथे रोजचा डोस लागतो. तुमच्या टँकमध्ये लेदर आणि मशरूम आहेत, त्यांची भूक त्या मानाने नगण्य. डोस घालतच राहिलात तर अल्कलिनिटी ८ वरून १२-१३ डीकेएचवर चढते (समुद्रात ती ७ च्या आसपास असते), मग एक दिवस घाबरून मोठं पाणी बदलता आणि ती धपकन खाली येते. सोपी परीक्षा आहे. आठवडाभर कुठलाही डोस नको. सुरुवातीला आणि शेवटी अल्कलिनिटी मोजा. फरक अर्ध्या डीकेएचहून कमी असेल तर बाटल्या कपाटात ठेवून द्या. पाणी बदलण्यातून मिळतं तेवढं पुरतं. चुन्याची निवळी टाकत असाल तर तीही थांबवा.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवतायत म्हणून खूश होणारे लोक असतात. मऊ कोरलना ती दोन्ही थोडी तरी लागतातच. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान असू द्या. शून्य-शून्यात कोरल फिकट होत जातात आणि मोकळ्या जागेत मघाचे डायनोफ्लॅजेलेट येतात. फॉस्फेट काढणारं माध्यम रिअ‍ॅक्टरमधून (ते भरायच्या नळकांड्यातून) काढा, माशांना थोडं जास्त खायला घाला.

शेजारधर्माचं थोडक्यात: लेदर पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतं आणि आजूबाजूच्यांची वाढ खुंटवतं. दर महिन्याला ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि मोठ्या लेदरभोवती वीतभर मोकळी जागा, एवढं पुरतं.

आता सावरायचं कसं

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी तीनच. मेलेलं, वास मारणारं मांस बाहेर काढा. ताजा कार्बन घाला, विषाचा संशय असेल तर सोबत पॉलिफिल्टर. आणि सगळ्या बाटल्या, डोस, 'कोरल टॉनिक' थांबवा. मग चोवीस तास टँककडे नुसतं बघा. अवघड आहे, पण आख्खं पाणी बदलून टाकण्याचा मोह इथेच आवरायचा असतो. मिटलेल्या कोरलला एका दिवसात नवी क्षारता, नवं तापमान, नवी अल्कलिनिटी दिलीत तर उरलेसुरलेही जातील.

त्यानंतर एकाआड एक दिवस १०-१५ टक्के पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी मिसळून, टँकच्याच तापमानाला आणि क्षारतेला आणून. अल्कलिनिटी दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका, क्षारता दिवसाला एका पीपीटीपेक्षा जास्त नको. तांब्याची केस असेल तर पॅड निळा पडणं थांबेपर्यंत बदलत राहा. वाळूचा जुना थर गाळाने भरलेला असेल तर तो थोडा थोडा उपसून काढावा लागतो, कारण अडकलेलं तांबं तिथेच असतं. लाइट पाव हिश्श्याने कमी करा आणि सुधारणा दिसल्यावर आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवा.

लेदर वाचवणं वाटतं तितकं कठीण नाही. सडलेल्या भागाच्या पुढे बोटभर निरोगी मांसातून नव्या ब्लेडने सरळ कापा. कापताना ते आक्रसतं, पांढुरकं पाणी सोडतं. ते टँकबाहेरच्या भांड्यात होऊ द्या. तुकडा टँकच्या पाण्यात खळबळून दगडाच्या तुकड्यावर टूथपिक किंवा रबरबँडने सैलसर बांधा आणि वाहत्या जागी ठेवा. सुपरग्लू ओल्या लेदरला धरत नाही, वेळ घालवू नका. मुळाचा खुंट निरोगी असेल तर फेकू नका, त्यालाही वरून नवी छत्री फुटते. सुटलेले मशरूम दगडांचे खडे भरलेल्या वाटीत ठेवून वर जाळी लावा, आपोआप चिकटतील. झेनिया विरघळायला लागला की तो वाचत नाही, लगेच उपसा.

झोआंच्या बाबतीत मात्र सावध. काही झोआ आणि त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते माणसासाठी जीवघेणं आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, पाण्याबाहेर घासाल तर तुषार डोळ्यात उडतील. नको असलेले झोआ मारायला दगडावर उकळतं पाणी ओतणं किंवा दगड पातेल्यात उकळणं तर कधीच नको. त्या वाफेने आख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

टँक सावरतोय याची खूण कोरलवर उशिरा दिसते. आधी श्रिंप कात टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलेलं कवच सोडून हिंडताना दिसतो. गोगलगायी काचेवर रात्रभर फिरून स्वच्छ पट्टे सोडतात. मागच्या काचेवर जांभळ्या कोरलाइन शैवालाचे नवे ठिपके येतात. हे दिसेपर्यंत नवं काही आणू नका. दिसल्यावर एक स्वस्तातला मशरूम आणा, एकच, आणि महिनाभर बघा. तो पसरला तर मग झोआ, सगळ्यात शेवटी लेदर. आणि टॉप-अपच्या टाकीवर एक कागद चिकटवून ठेवा: पाणी कुठलं, टीडीएस किती, रेझिन कधी बदललं. पुढच्या वेळी फोन करण्याआधी मला त्या कागदाचा फोटो पाठवा, कोरलचा नंतर.